अक्रोडाचं गोत्र

दिवाळीत घरी येणाऱ्या सुक्यामेव्याच्या डब्यात काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे आणि अक्रोड शेजारी शेजारी बसलेले असतात. पण हे नुसतं शेजारपण. रक्ताचं नातं बघायला गेलं तर काजू आणि पिस्ता आंब्याच्या, बिब्ब्याच्या कुळातले. बदाम गुलाबाच्या कुळातला, पीच आणि जर्दाळूचा सख्खा म्हणावा असा भाऊ. बेदाणा द्राक्षवेलीचा. अक्रोड मात्र त्या डब्यात एकटाच. त्याचे भाऊबंद दूरदेशी आहेत, म्हणून त्याचं गोत्र आपल्याला फारसं ठाऊक नसतं. मला ते कळलं तेव्हा अक्रोड फोडताना पडणारे कितीतरी प्रश्न आपोआप सुटले.

एक अख्खा, कवचाचा अक्रोड हातात घ्या. झाडावर तो असा दिसत नाही. तिथे असतं एक हिरवंगार, लिंबाएवढं किंवा त्याहून थोडं मोठं फळ. ही हिरवी साल पिकली की तडकते, आणि आतून आपल्या ओळखीचा, सुरकुतलेल्या कवचाचा अक्रोड बाहेर येतो. कवच फोडलं की कागदासारखे तपकिरी पडदे, आणि त्या पडद्यांच्या आडोशाने बसलेला गर.

हा गर म्हणजे नेमकं काय, हे हरभऱ्यावरून चटकन कळतं. भिजवलेला हरभरा चोळला की साल सुटते आणि दोन डाळी वेगळ्या होतात. त्या डाळी म्हणजे बीजपत्रं. कोवळ्या रोपाला पहिले काही दिवस पुरेल अशी शिदोरी त्यांच्यात भरलेली असते. अक्रोडाचे दोन अर्धे म्हणजे अगदी हेच, दोन बीजपत्रं. फरक एवढाच की हरभऱ्याने शिदोरी मुख्यतः पिठाच्या रूपात बांधली आहे आणि अक्रोडाने तेलाच्या. कवचाच्या आत पडद्यांनी जे कोनाडे तयार होतात, त्यांत जशी जागा मिळेल तसा हा गर वाढताना भरत जातो, म्हणून त्याला त्या वळ्या पडतात. वरची पातळ, किंचित कडवट तपकिरी साल म्हणजे बीजाचं आवरण. तो कडवटपणा टॅनिनांचा. ती खरवडून टाकू नये असं माझं मत आहे, कारण अक्रोडातली बरीचशी अँटिऑक्सिडंट द्रव्यं तिच्यातच असतात.

त्या वळ्या पाहून जगभर लोकांना मेंदू आठवला. आपल्या भाषेतही हे नातं शिल्लक आहे. 'मगज' म्हणजे मेंदू, आणि 'मगज' म्हणजे बीच्या आतला गरही. शब्द फारसीतून आला. अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत तर अक्रोडाचं नावच 'चारमग्ज' आहे, चार मगजांचा, कारण गराचे सहज चार भाग होतात.

वनस्पतिशास्त्रात अक्रोडाला कोणत्या प्रकारचं फळ म्हणायचं यावर पुष्कळ खल झाला आहे. आंबा, बोर, बदाम यांच्यात वरचा गर आणि आतली कठीण आठळी दोन्ही एकाच बीजकोशाच्या भिंतीपासून बनतात. अक्रोडाची हिरवी साल मात्र फुलाखालची छोटी पानं आणि फुलाचे इतर भाग चिकटून बनलेली असते. त्यामुळे तो आठळीच्या फळांतही नीट बसत नाही आणि कवचफळांतही. या वादात फार अडकायचं कारण नाही.

कवच मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. २०१९मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी अक्रोडाच्या कवचातल्या पेशींची त्रिमितीय चित्रं काढली. मुलांच्या जिगसॉ कोड्याचे तुकडे जसे एकमेकांच्या खाचांत बसतात, तशा या पेशी एकमेकींत अडकलेल्या निघाल्या, आणि त्याही सगळ्या बाजूंनी. एकेका पेशीला सरासरी चौदा शेजारणी. अशी गुंतलेली भिंत पेशी-पेशींच्या सांध्यावर सहज सुटत नाही. अक्रोड दातांनी फुटत का नाही, याचं उत्तर इथे आहे. पण प्रत्येक अक्रोडाच्या मध्यावर एक शिवण असते, आणि सुरीचं टोक नेमकं तिथे घातलं की तोच अक्रोड मुकाट उघडतो. झाडाने ही शिवण कोणासाठी ठेवली आहे, ते शेवटी सांगतो.

आता हिरव्या सालीकडे. काश्मीरमध्ये सप्टेंबरच्या सुमाराला अक्रोड उतरवतात. त्या दिवसांत तिथे गेलात तर साली काढणाऱ्यांचे हात पाहा. बोटं, तळवे, नखं काळी-तपकिरी, आणि कितीही धुतली तरी कित्येक दिवस तशीच. गंमत अशी की साल कापल्या क्षणी तिचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. हवा लागली की मिनिटांत तो गडद होत जातो. चिरलेलं वांगं काळं पडतं तसाच हा हवेतल्या ऑक्सिजनचा खेळ. या क्रियेतून जे द्रव्य तयार होतं त्याचं नाव जुग्लोन.

आणि जुग्लोन ही मेंदीची मावसबहीण आहे. मेंदीच्या पानातल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. दोन्हींच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू, अगदी सारखे. फक्त एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी रेणूत वेगळ्या जागी बसली आहे. दोन्ही द्रव्यं कातडीतल्या आणि केसांतल्या प्रथिनाला घट्ट धरतात. म्हणून मेंदी जशी धुऊन जात नाही, ती कातडी झडेल तशी उतरते, तसाच अक्रोडाचा डाग. या रंगाने लोकर रंगवतात, पूर्वी शाई करत, केस काळे करत. उत्तरेकडे आणि पाकिस्तानात अक्रोडाच्या झाडाची साल 'दंदासा' म्हणून दात घासायला विकतात. तिने दात स्वच्छ होतात आणि ओठ रंगतात.

झाडाने हे द्रव्य अर्थात आपल्या ओठांसाठी बनवलेलं नाही. ते कीड आणि बुरशी यांच्याविरुद्धचं शस्त्र आहे. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडात ते भरपूर असतं. त्या झाडाखाली टोमॅटो कोमेजतो, असा तिथल्या बागकाम करणाऱ्यांचा जुना अनुभव. प्रयोगशाळेत जुग्लोन रोपांना मारतं हे नक्की. प्रत्यक्ष मातीत ते किती टिकतं आणि कोमेजण्यात निव्वळ सावलीचा, पाण्याच्या ओढाताणीचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

या कुळाचं मला सगळ्यांत आवडणारं गुपित फुलांत आहे. अक्रोडाच्या फुलांना ना रंग, ना गंध. परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे मधमाशीला बोलवायची गरज नाही. एकाच झाडावर नरफुलांचे लोंबते तुरे असतात आणि मादीफुलंही असतात. मग झाडाने स्वतःचेच पराग स्वतःच्या फुलांवर पाडून घ्यायला काय हरकत? तसं झालं तर संतती दुबळी होते. आपल्याकडे सगोत्र लग्न टाळतात, तसं अक्रोड हे टाळतो, आणि त्यासाठी त्याने वेळेची युक्ती केली आहे. काही झाडांवर आधी नरफुलं उमलतात, मग मादीफुलं. उरलेल्या झाडांवर याच्या उलट. एकाचे पराग तयार असतात तेव्हा दुसऱ्याच्या मादीफुलांची वेळ असते, आणि काही दिवसांनी भूमिका बदलतात. रानात दोन्ही प्रकारची झाडं साधारण निम्मी निम्मी आढळतात.

हे चार्ल्स डार्विनच्या काळापासून माहीत होतं. पण झाड कोणत्या गटात जाणार हे ठरतं कसं? २०२५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अक्रोड आणि त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ पेकन या दोन्हींत जनुकांची ती जागा दाखवून दिली. दोघांनी हीच युक्ती वापरली आहे, पण वेगवेगळ्या जनुकांच्या आधाराने. आणि ही व्यवस्था कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी चालत आली आहे.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध? फार मोठा. जवळजवळ प्रत्येक बी परक्या बापाची असल्यामुळे बीपासून वाढवलेलं झाड आईसारखं निघत नाही. आंब्याची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते ना, तसंच. काश्मीरमधली जुनी झाडं बहुतेक बीपासून वाढलेली, म्हणून तिथे झाडागणिक अक्रोड वेगळा. कवचावरून त्यांची ढोबळ नावं पडली आहेत. बोटांनी दाबून फुटेल असा 'कागदी', मध्यम कवचाचा 'बुर्झल', आणि हातोडीलाही दाद न देणारा, गर टोकरून काढावा लागणारा 'वंथ'. भारतातला नव्वद टक्क्यांहून अधिक अक्रोड जम्मू-काश्मीरमधूनच येतो, पण त्यात ही सरमिसळ असते. कॅलिफोर्नियातून येणारा अक्रोड एकसारखा, फिकट गराचा दिसतो, कारण तिथे बागाच्या बागा कलमी झाडांच्या आहेत. त्यांतली 'चँडलर' ही जात १९७९मध्ये डेव्हिसच्याच विद्यापीठाने दिली.

मग काश्मीरमध्येही कलमं का करत नाहीत? करतात, आणि आता वाढलीही आहेत, पण अक्रोडाचं कलम अवघड. कापलेल्या जागी दोन लाकडं सांधणारी पेशींची जी गाठ यावी लागते, तिला साधारण २७ अंश सेल्सियसची स्थिर ऊब हवी. काश्मीरचा वसंत इतका उबदार नसतो. शिवाय फांदी कापली की अक्रोड भळाभळा रस गाळतो आणि त्या रसाने कलमाचा डोळा, म्हणजे बांधलेली कळी, सांधण्याआधीच उचलली जाते.

म्हणून जुनी, बीपासूनची, उंचच्या उंच झाडंच अजून पीक देतात. माणसं हातात लांब काठ्या घेऊन त्यांच्यावर चढतात आणि फांद्या झोडपतात. फांदी ठिसूळ, बुंधा निसरडा. दर हंगामात लोक पडतात, कुणाचा कणा मोडतो, कुणी जागीच जातो. आपण डब्यातून सहज उचलतो त्या गरामागे हे आहे. बुटक्या कलमी झाडांचा आग्रह मला म्हणूनच उत्पन्नापेक्षाही या माणसांसाठी महत्त्वाचा वाटतो.

कलमाचा विषय निघाला की मला अंत्वान आठवतो. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, ओक अ‍ॅली नावाच्या उसाच्या मळ्यावर तो गुलाम माळी होता. त्याचं आडनाव कुठे नोंदलेलं नाही. पेकनचं कलम तोवर कुणाला नीट साधलं नव्हतं. १८४६-४७च्या हिवाळ्यात अंत्वानने पातळ कवचाच्या एका उत्तम झाडाच्या डोळ्यांवरून १६ झाडं बांधली आणि ती जगवली. १८७६मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात त्या झाडांच्या पेकनला बक्षीस मिळालं आणि त्या जातीचं नाव 'सेंटेनियल' पडलं. आज अमेरिकेतला पेकनचा बहुतेक धंदा कलमांवर उभा आहे. त्या धंद्याचा पाया घालणाऱ्याचं पूर्ण नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पेकन हा आपल्याकडे हल्ली मोठ्या दुकानांत मिळतो. लांबट, गुळगुळीत कवचाचा, अक्रोडाहून गोड. तो या कुळातल्या हिकरी शाखेचा. हिकरीची झाडं मुख्यतः उत्तर अमेरिकेतली, काही चीन आणि आसपासची. 'हिकरी' हा शब्द व्हर्जिनियातल्या मूळनिवासींच्या भाषेतून आला, आणि तो मुळात झाडाचं नाव नव्हताच. हिकरीची फळं कवचासकट कुटून पाण्यात घोळली की वर दुधासारखा पांढरा रस येतो. त्या रसाचं हे नाव. आपण ओलं खोबरं वाटून नारळाचा रस काढतो, त्यातलीच ही रीत. लाकूडही नावाजलेलं. चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे हिकरीचे.

अक्रोडाची शाखा आणि हिकरीची शाखा ओळखायची एक सोपी खूण आहे. कोवळी डहाळी उभी चिरा. मधल्या मऊ भेंडात शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे कप्पे दिसले तर अक्रोड, भेंड भरीव असेल तर हिकरी. बाकी कुळाची लक्षणं दोघांत सारखी. पान कडुनिंबासारखं, एका दांड्यावर अनेक पर्णिका असलेलं, आणि चोळलं की उग्र सुवास येणारं.

या कुळात साठेक जाती आहेत, आणि सगळ्यांना जाड कवच नाही. चीन, जपान, कॉकेशस भागातल्या काही झाडांना छोटी, पंखवाली फळं येतात. हिमालयात आणि ईशान्य भारतात एंगेलहार्डिया नावाचं झाड आहे, त्याच्या फळाला तीन पाकळ्यांचा पंख असतो. वाऱ्यावर गिरक्या घेत ते दूर जातं. एकाच घरात दोन व्यवसाय म्हणा ना. काहींनी बी वाऱ्याच्या हवाली केली, काहींनी खारीच्या. खार हिवाळ्यासाठी अक्रोड जमिनीत पुरते आणि त्यातले काही विसरते. विसरलेला प्रत्येक अक्रोड म्हणजे लावलेलं झाड. पण हे जमण्यासाठी अक्रोड इतका तेलकट हवा की खारीला तो नेऊन पुरावासा वाटेल, आणि इतका कठीण हवा की जागच्या जागी खाऊन संपणार नाही. जपानमधल्या सेंदाई शहरातले कावळे तर अक्रोड रस्त्यावर टाकतात, गाडीच्या चाकाखाली फुटला की उतरून गर खातात.

हिमयुगाने या कुळाची विचित्र वाटणी केली. एकेकाळी हिकरी युरोपातही होती, तिचे जीवाश्म तिथे सापडतात. बर्फ उत्तरेकडून सरकू लागला तेव्हा युरोपातल्या झाडांना दक्षिणेकडे पळायचं होतं, पण आल्प्स आणि पिरेनीज हे डोंगर पूर्व-पश्चिम आडवे. वाट अडली. अमेरिकेतले डोंगर उत्तर-दक्षिण आहेत, तिथे वाट मोकळी होती. आज युरोपात हिकरीचं एकही रानझाड नाही.

आपण खातो त्या अक्रोडाचं रान मध्य आशियात आहे. किरगिझस्तानात अर्स्लानबोबजवळ त्याची मोठी जंगलं अजून उभी आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूला कंबोजांच्या देशात नेलं आहे. तिथे हत्ती बांधल्याने अक्षोटाची झाडं वाकली आणि त्यांच्याबरोबर कंबोजही वाकले, असं तो म्हणतो. अक्षोट म्हणजे अक्रोड. कंबोज देश अफगाणिस्तान-पामीरच्या बाजूला मानतात, आणि अक्रोडाचा पट्टा तोच. कवीने झाड अगदी बरोबर जागी लावलं आहे.

महाराष्ट्रात अक्रोड होत नाही. हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत, आणि महाबळेश्वरची थंडी त्याला अपुरी पडते. मग बागांत 'जंगली अक्रोड' म्हणून दाखवतात ते झाड कोणतं? त्याचा या कुळाशी काडीचा संबंध नाही. ते एरंडाच्या कुळातलं आहे. फळ दिसायला अक्रोडासारखं, पण कच्ची बी खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. मुलांना हे आवर्जून सांगावं. लाकडाच्या बाजारात 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणून शिरीष विकला जातो, तोही असाच उसन्या नावाचा. खरं अक्रोडाचं लाकूड म्हणजे काश्मिरी कोरीवकामाचं, आणि तिथे १९६९च्या कायद्याने परवानगीशिवाय अक्रोडाचं झाड तोडायला बंदी घातली.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. १०० ग्रॅम अक्रोडात साधारण ६५ ग्रॅम तेल, त्यातलं ९ ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३. सुक्यामेव्यात हे खरंच जास्त आहे. पण आपल्या जवसात त्याच्या दुपटीहून अधिक असतं, तेव्हा ज्याला अक्रोड परवडत नाही त्याने जवसाची चटणी खावी आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नये. मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हा तर्क ग्राह्य नाही. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात निरोगी वृद्धांना दोन वर्षं रोज अक्रोड देऊन पाहिले. २०२०मध्ये निकाल आला: एकूण गटाच्या बुद्धीत लक्षणीय फरक पडला नाही. हृदयासाठी मात्र सुक्यामेव्याचा फायदा बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे.

हेच ओमेगा-३ हवेने लवकर बिघडतं, म्हणून सोललेला अक्रोड खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. खवट लागला तर टाकून द्या.

आणि गोत्र कळण्याचा सगळ्यांत व्यवहारी उपयोग अ‍ॅलर्जीत आहे. ज्याला अक्रोडाची अ‍ॅलर्जी आहे त्याला पेकनचीही असण्याची शक्यता फार मोठी, कारण दोघांची प्रथिनं भावाभावांसारखी. तसंच काजू आणि पिस्त्याचं. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने पेकन घातलेला पदार्थ चाखण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

राहिली शिवण. काश्मिरी पंडितांच्या घरी महाशिवरात्रीला, त्यांच्या हेरथला, वटुक म्हणून कलश मांडतात आणि त्यात अक्रोड पाण्यात भिजत घालतात. पूजा झाली की अमावास्येला ते भिजलेले अक्रोड प्रसाद म्हणून नातलगांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतात. काश्मिरीत अक्रोडाला 'दून' म्हणतात, म्हणून त्या अमावास्येचं नावच दून मावस. खोरं सोडून यावं लागलेली कुटुंबं जम्मूत, दिल्लीत, आपल्या पुण्या-मुंबईतही हा प्रसाद वाटतात. असा अक्रोड कधी हातात आला तर फोडण्याआधी त्याची शिवण पाहा. पाण्याने ती सैलावलेली असते. जमिनीत, बर्फाखाली दोन-तीन महिने ओल लागल्यावर नेमकं हेच होतं. कवच मऊ पडतं, गर फुगतो, शिवण आतून उकलते, आणि दोन्ही बीजपत्रं कवचातच ठेवून आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो.